वाघ्या, कापशी चप्पल आणि फोक्सवॅगनचं रबर

प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरी चप्पल 800 युरोंच्या घरात नेऊन ठेवल्यापासून गडहिंग्लजच्या कट्ट्याकट्ट्यावर चेष्टेला ऊत आला आहे. आमच्या घरी या चपलेची खरी पारख वाघ्या या आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने त्याआधीच केली होती. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या दोन जोडांचे अंगठे त्याने फस्त केले.

तक्रार तरी काय करायची? बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, त्यात मालकाच्या पायाचा वास! चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. “जुनी चप्पल टाक की त्याच्यापुढं,” असं शेजारी हमखास सांगतात. ऐकू नका. जुनी कुठली आणि लग्नासाठी घेतलेली कुठली, हे कुत्र्याला कळत नाही.

मग बाजारातून शिट्टीचं प्लॅस्टिकचं हाड आणलं. अर्ध्या तासात शिट्टी बाहेर. नशीब, ती पोटात गेली नाही.

टिकाऊ खेळण्याची सगळ्यात भारी गोष्ट अमेरिकेतल्या कोलोराडोची आहे. ज्यो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा पोलिसातून निवृत्त झालेला जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता. मार्कहॅम एकदा फोक्सवॅगन व्हॅनचं काम करत होते. फ्रिट्झचा नाद सुटावा म्हणून ते एकेक सुटा भाग त्याच्याकडे टाकत गेले. सस्पेन्शनचा रबरी तुकडा आला आणि गडी दगड विसरला. त्यावरून 1976 मध्ये ‘काँग’ हे खेळणं आलं. जाड रबराचं, आतून पोकळ, आपटलं की कुठे उडेल याचा नेम नाही. माझं ठाम मत आहे, हा शोध आपल्या संकेश्वर रोडच्या गॅरेजातही लागला असता. आपण कुत्र्याला हाकललं, एवढाच फरक. पण म्हणून गाडीच्या सस्पेन्शनचा जुना रबरी बुश उचलून देऊ नका. त्याला ऑइल-ग्रीस लागलेलं असतं, काहींच्या आत लोखंडी नळी असते.

काँगच्या पोकळीत दही-भात किंवा दह्यात कुस्करलेली भाकरी भरून फ्रीजरमध्ये ठेवली, तर वाघ्या पाऊण तास चाटत बसतो. कांदा-लसणाचं काही भरू नका. ते कुत्र्याला बाधतं.

टिकाऊ म्हणजे दगडासारखं टणक, असंही नव्हे. नख दाबून बघा. जरासुद्धा रुतलं नाही, तर त्या वस्तूने दाढेचा टवका उडू शकतो. आपला रविवार मटणाचा, पण रश्श्यातलं शिजलेलं हाड कुत्र्यापुढे टाकूच नका. त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि आतड्यात रुततात. टेनिस बॉलच्या लवेत माती अडकते आणि दात कानशीने घासल्यासारखे झिजतात. खेळणं घेताना रंगही बघा. हिरवळीवरचा लाल चेंडू कुत्र्याला मळकट दिसतो, निळा उठून दिसतो. तरी दुकानात लालच जास्त. गिऱ्हाईक शेवटी माणूस!

पण खेळणं टिकलं म्हणजे कुत्रा रमला, असं नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 16 लॅब्राडॉरना एकच खेळणं पुन्हापुन्हा दिलं. थोड्याच वेळात सगळे कंटाळले. वेगळ्या रंगाचं, वेगळ्या वासाचं दुसरं पुढे केलं की पुन्हा झडप. म्हणजे न तुटणाऱ्या एका महागड्या वस्तूपेक्षा साधी चार बरी. एक बाहेर, तीन फडताळात. दोन-तीन दिवसांनी अदलाबदल. आमच्याकडे या युक्तीने चपला वाचल्या.

आणि आपलं गाव फुटबॉलचं. फुगलेला फुटबॉल वाघ्याच्या जबड्यात मावत नाही, बसलेला मात्र छान धरता येतो. तेव्हा मैदानावर फुटलेला चेंडू फेकू नका, कुत्रं असलेल्या घरी द्या. फक्त आतला ब्लॅडर आधी काढा, खेळ डोळ्यांसमोर चालू द्या आणि कव्हरचे तुकडे निघायला लागले की चेंडू काढून घ्या.