काचेच्या टाकीतला समुद्र हिरवा होतो तेव्हा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो. यंदा मात्र आम्ही शेवाळावर बोलायचे ठरवले, आणि त्याला कारणही तसेच घडले. आमच्या हातून चार मासे मेले.

हकीकत अशी. आमच्या युनियनच्या वाचनालयात चार फूट लांबीची, सुमारे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गोदीतून निवृत्त झालेल्या एका फिटरमामांनी ती आपल्या हातांनी उभी केली आणि मालवणकडे गावी परतताना आमच्या हवाली केली. एप्रिलात एका सकाळी पाहतो तो पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे. मासे तर सोडाच, मागचे दगडही दिसेनात. आम्ही घाबरलो. दुकानातून शेवाळ मारण्याचे औषध आणले आणि ओतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पहारेकऱ्याने उठवले. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. सहांपैकी चार गेले.

मामांना फोन केला. ते रागावले नाहीत. "भाऊ, हिरवं मारलंत, पण ते जगत होतं कशावर, ते बघितलंत का?" एवढेच त्यांनी विचारले. शाळा आम्ही सातवीत सोडली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शब्दकोश शेजारी घेऊनच शोधावे लागले.

पाणी एका रात्रीत हिरवे होते, हा प्रथम भ्रम. पाण्यात तरंगणारे हे शेवाळ एकपेशीय असते आणि परिस्थिती अनुकूल असली की दिवसाला सुमारे दुप्पट होते. एकाचे पाच दिवसांत 32 होतात, दहा दिवसांत 1024. पहिले आठ दिवस डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेवटच्या दोन दिवसांत सारे दिसते. म्हणजे आम्ही ज्याला आकस्मिक म्हणालो त्याची तयारी पंधरवडाभर आमच्या नाकासमोर चालली होती. (संपाचेही असेच असते. मालक त्या दिवशी जागा होतो आणि पुढारी कोण ते शोधू लागतो. आम्ही औषधाची बाटली शोधली, यात आणि त्यात फरक तो काय?)

आता ते जगते कशावर? उजेड, आणि पाण्यात विरघळलेली नायट्रेट व फॉस्फेट ही खते. मासा खातो, विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. दगडांवरचे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही, पण ते साचत राहते. फॉस्फेट येते मुख्यतः कोरड्या खाद्यातून. अमेरिकेतील आल्फ्रेड रेडफील्ड यांनी 1934 साली दाखवले, की समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या शरीरात या द्रव्यांचे प्रमाण बरेचसे ठरलेले असते; पुढे ते कार्बन 106, नायट्रोजन 16 आणि फॉस्फरस 1 असे मानले गेले. फॉस्फरस एवढा थोडा लागतो, म्हणूनच चिमूटभर जादा खाद्यही पुष्कळ शेवाळ पोसते.

आमच्या टाकीत हे खत आणले कोणी? आम्ही सर्वांनीच. चौकशी केली तेव्हा कळले, की वर्तमानपत्र वाचायला येणारा प्रत्येक जण जाता जाता एकेक चिमूट टाकत होता. दुसरी चूक नळाच्या पाण्याची. खाऱ्या टाकीतून वाफ होते ती फक्त गोड्या पाण्याची. मीठ, खत सारे मागे राहते. उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी उडते आणि आपण तेवढेच नळाचे भरतो. म्हणजे महिन्याला 60 लिटर पाण्यात जे काही विरघळलेले असेल ते सर्व टाकीत मुक्कामाला येते. म्हणून ही भर नेहमी आरओ यंत्रातून गाळलेल्या पाण्याने घालावी. तिसरे, दगडामागे एक मेलेली गोगलगाय कुजत होती. आणि चौथे, पश्चिमेच्या खिडकीतले ऊन.

मासे कशाने मेले तेही सांगितले पाहिजे. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तेही श्वास घेते. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. अशा पाण्यात आम्ही सगळे शेवाळ एकदम मारले. ते कुजू लागले, आणि कुजवणाऱ्या जीवाणूंनी उरलासुरला प्राणवायू संपवला. ज्या औषधात तांबे असते ते तर कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांनाही मारते.

तेव्हा तुमच्याकडे असे झाले तर पहिले काम हवेचे. पंप जोरात लावा, पाण्याचा पृष्ठभाग खळबळत ठेवा. दोन दिवस खाद्य बंद. धडधाकट माशाला त्याने काही होत नाही. मेलेले शोधून काढा, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली नको. क्लोरीनने उपयोगी जीवाणू मरतात. मग चौथा हिस्सा पाणी बदला. नवे पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवावे, लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास हवे. एकदा बदलून भागत नाही: नायट्रेट 80 असेल तर एका बदलाने 60, दुसऱ्याने 45, तिसऱ्याने 34 च्या आत येते. एकदम सगळे पाणी मात्र बदलू नये, मासे तो धक्का सोसत नाहीत.

त्यानंतर तीन दिवस टाकीवर जाड चादर टाकून पूर्ण अंधार करावा, हवा चालू ठेवून. ज्यांना परवडेल त्यांनी अतिनील दिव्यातून पाणी फिरवावे. तरंगणाऱ्या शेवाळावर तो चांगला चालतो. पण मेलेले शेवाळ बाहेर काढलेच पाहिजे, आणि त्याला स्किमर हवा. गुऱ्हाळात काहिलीवर येणारी मळी झाऱ्याने काढतात ना, तसेच हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण वर आणून बाजूला काढते.

नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नये. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो. तांबडा-जांभळा बुळबुळीत पापुद्रा हे तर खरे शेवाळच नव्हे, ते जीवाणू. तेथे साचलेले पाणी हलते ठेवावे. आणि काढलेले शेवाळ खाडीत टाकू नये. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेली कॉलर्पा नावाची शेवाळजात 1984 साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात प्रथम आढळली, आणि पुढे ती भूमध्य समुद्राच्या तळावर हेक्टरच्या हेक्टर पसरली.

आमचे पाणी निवळायला तीन आठवडे लागले. मामा मे महिन्यात आले, काचेला नाक लावून बराच वेळ उरलेले दोन मासे पाहत राहिले, आणि म्हणाले, "खाद्याचा डबा कुठं ठेवलाय?" तो आता वर्गणीच्या पावतीपुस्तकांशेजारी कपाटात असतो, आणि किल्ली एकाच माणसाकडे.