संस्थेच्या संगणकालाही कुंपण हवे

सावेडीची पतसंस्था असो की गावची विकास सोसायटी, आपली ठेव आणि पीककर्ज आता संगणकात नोंदले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये चोरीस गेले. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. चोर संगणकाच्या वाटेने आले आणि परदेशांतील एटीएममधूनही पैसे काढले गेले.

ही वाट राखण्यासाठी इंटरनेटची तार आणि संस्थेचे संगणक यांच्यामध्ये फायरवॉल नावाची पेटी बसवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची ती झडती घेते.

बसवताना : कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आधी सर्व वाटा बंद कराव्यात, मग कामापुरत्याच उघडाव्यात. सभासदांचे वायफाय व्यवहाराच्या संगणकांपासून वेगळे ठेवावे. पेटीची सूत्रे इंटरनेटवरून कोणाच्याही हाती लागू देऊ नयेत. वीज जाते, म्हणून पेटी इन्व्हर्टरवर जोडावी.

देखभाल : कुंपण एकदा घालून भागत नाही, भगदाडे बुजवावी लागतात. कंपनीच्या सुधारणा वेळेवर भराव्यात, परवान्याची मुदत चुकवू नये. दर आठवड्याला नोंदी तपासाव्यात. मांडणीची एक प्रत वेगळी जपावी.

तरीही निर्धास्त राहू नका. बाहेरचा पेनड्राइव्ह संगणकाला लावला, तर चोर कुंपणाच्या आतच उतरतो.

येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढे जरूर विचारा : आपली फायरवॉल कोण सांभाळतो, आणि शेवटची तपासणी कधी झाली? स्वतःच्या खात्यातून पैसे गेल्यास मात्र वेळ न दवडता १९३० वर कळवा.