'मोर बेटर' चूक, मग 'मोर बोअर्ड' बरोबर कसं?

'चेंज द डिग्री' हा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनीच सोडवलाय. टॉल, टॉलर, टॉलेस्ट हा तक्ता पाठ असतो, मार्कही पडतात. तरी बोलायची वेळ आली की 'रमा इज टॉल दॅन सीमा' किंवा 'धिस इज मोर बेटर' तोंडातून निघून जातं, आणि समोरचा हसला तर माणूस पुन्हा तोंड उघडायला कचरतो. त्या तक्त्यात चूक नाही. त्याच्याभोवती जे गैरसमज साचलेत, ते अडवतात.

'टॉल दॅन' म्हणणाऱ्याला इंग्रजी येत नाही, असं सरसकट मानलं जातं. खरं तर तो मराठीचा नियम चोख पाळत असतो. 'रमा सीमापेक्षा उंच आहे' या वाक्यात तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा' उचलतो. 'उंच' जसाच्या तसा राहतो. मराठी विशेषण बदलतं ते लिंग-वचनाप्रमाणे: मोठा, मोठी, मोठे. इंग्रजीत नेमकं उलट आहे. 'बिग'ला मुलगा की मुलगी याचं देणंघेणं नाही, पण तुलना आली की त्याला 'बिगर' व्हावंच लागतं, पुढे 'दॅन' असला तरीही. हा फरक पहिल्याच तासाला सांगितला, तर मुलांच्या कितीतरी लाल रेघा वाचतील.

मराठीचा 'खूप'ही असाच आड येतो. 'आजचा पेपर कालच्यापेक्षा खूप सोपा होता' हे सांगताना 'व्हेरी ईझिअर' सुचतं. पण 'व्हेरी' साध्या विशेषणालाच लागतो. तुलनेच्या रूपाआधी 'मच', 'फार' किंवा 'अ लॉट' हवं. म्हणून 'मच ईझिअर'.

दुसरा गैरसमज म्हणजे 'शब्द लांब असला की मोर'. लांबी अक्षरं मोजून ठरत नाही, उच्चारावर ठरते. 'स्ट्रेट' लिहायला इंग्रजी 8 अक्षरं लागतात, पण तो एका झटक्यात बोलला जातो, म्हणून 'स्ट्रेटर'. 'फेमस' 6 अक्षरांचा, पण उच्चाराचे तुकडे दोन. तिथे 'मोर फेमस'. दोन तुकड्यांचा शब्द 'ई' या आवाजावर संपत असेल तर बहुधा 'हॅपिअर', 'बिझिअर' अशी रूपं होतात. काही शब्दांना दोन्ही चालतात: 'पोलाइटर'ही आणि 'मोर पोलाइट'ही. आणि 'बोअर्ड' एकाच तुकड्याचा असूनही 'मोर बोअर्ड'च होतो, कारण तो क्रियापदापासून तयार झालेला आहे.

'मोर' आणखी एका ठिकाणी लागतो, आणि ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना असेल, तर छोट्या शब्दालाही 'मोर'च हवा: 'ही इज मोर शाय दॅन रूड'. इथे 'शायर' चालत नाही. मराठीत आपण 'तो उद्धट म्हणण्यापेक्षा बुजरा आहे' म्हणतो, तीच ही रचना.

आता 'मोर बेटर'. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चूकच, कारण 'बेटर'मध्ये तुलना आधीच झालेली असते. पण हा अडाणीपणा नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत अशी दुहेरी रूपं आहेत आणि त्या काळी ती कुणाला खटकत नसत. पुढे व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. रॉबर्ट लाउथ यांचं 1762 सालचं व्याकरण त्यात महत्त्वाचं. तरी भाषेत खुणा उरल्याच. 'लेसर' म्हणजे 'लेस'ला पुन्हा प्रत्यय. 'निअर' हेसुद्धा मुळात तुलनेचंच रूप होतं, त्यावर 'निअरर' चढलं.

सर्वांत जास्त गोंधळ अर्थाचा होतो, असं मला वाटतं. 'ओल्डर' म्हणजे म्हातारा, 'बेटर' म्हणजे चांगला, असं धरलं जातं. तीन वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलापेक्षा 'ओल्डर' असतं, म्हणून ते म्हातारं होत नाही. पेशंट आज 'बेटर' आहे, याचा अर्थ तो ठणठणीत झाला असा धरू नये. कालच्यापेक्षा बरा, एवढंच कळलं. तुलनेचं रूप दोघांमधलं अंतर सांगतं, दोघं कुठे उभे आहेत ते सांगत नाही. म्हणूनच 'ॲन ओल्डर वुमन' ही 'ॲन ओल्ड वुमन'पेक्षा वयाने कमी वाटते आणि ऐकायलाही सौम्य लागते.

नकारातही सांभाळावं लागतं. 'सीमा इज नॉट ॲज टॉल ॲज रमा' म्हटलं की सीमा रमापेक्षा ठेंगणी ठरते. 'सीमा इज नॉट टॉलर दॅन रमा'मध्ये दोघी सारख्या उंचीच्याही असू शकतात. डिग्री बदलताना अर्थ तोच राहिला का, हे मुलांनी दर वेळी पाहायला हवं.

तुलनेचं रूप आलं की 'दॅन' हवाच, हेही खरं नाही. रेल्वेच्या 'लोअर बर्थ'ला तो कुठे असतो? आपल्या राज्याच्या शिक्षण मंडळाच्या इंग्रजी नावात 'हायर सेकंडरी' आहे, मराठीत मात्र साधं 'उच्च माध्यमिक'. 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर' हे लॅटिनमधून आलेले शब्द 'टू' घेतात. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर, पण 'एल्डर दॅन' नको; तिथे 'ओल्डर दॅन'. आणि 'द' फक्त तिसऱ्या डिग्रीला लागतो असं नाही: 'द टॉलर ऑफ द टू' हे शुद्ध इंग्रजी आहे.

'टॉलर दॅन मी' की 'टॉलर दॅन आय'? रोजच्या बोलण्यात पहिलं सहज चालतं, त्याला चूक ठरवून कुणाला घाबरवू नये. फक्त 'शी हेल्प्स हिम मोर दॅन मी' अशा वाक्यात ती त्याला माझ्यापेक्षा जास्त मदत करते, हे 'मी करतो त्यापेक्षा' की 'मला करते त्यापेक्षा', हे कळत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर 'दॅन आय डू' म्हणावं, दुसरा हवा असेल तर 'दॅन शी हेल्प्स मी'.

असाच एक शब्द 'अदर'. 'मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' म्हटलं तर मुंबई स्वतःपेक्षाही मोठी ठरते, कारण तीही महाराष्ट्रातच आहे. तिथे 'एनी अदर सिटी' हवं. केरळमधल्या शहरांशी तुलना करताना 'अदर'ची गरज नाही.