‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, लगेच पैसे भरा’ असं स्क्रीनवर आलं तर? खोटा अँटिव्हायरस असा ओळखा, फुकटात काढून टाका

कॉम्प्युटर चालू असताना अचानक अख्खी स्क्रीन लाल होते. भोंग्यासारखा आवाज सुरू होतो. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस सापडले, बँकेची माहिती चोरीला जात आहे’ असं इंग्रजीत लिहून येतं आणि खाली एक बटण नाहीतर फोन नंबर असतो. माणूस घाबरतो. घाबरावं म्हणूनच ते केलेलं असतं. अशी सूचना ब्राउजरमध्ये आली तर ती खोटी समजायची. पैसे भरायचे नाहीत, त्या नंबरवर फोन लावायचा नाही. ही ब्याद काढायला एक रुपया लागत नाही, फक्त अर्धा-पाऊण तास लागतो.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे सगळे मोबाईलवाले, कॉम्प्युटर आहे कुणाकडे? तर बघा, आपल्या तालुक्यातल्या घरटी एखादा माणूस मुंबईला आहे. कुर्ल्याला नेहरूनगरच्या एसटी डेपोत उतरलं की गावाकडचं कुणी ना कुणी भेटतंच. तिकडे पोरांना नवा लॅपटॉप आला की जुना गावाकडे येतो. कोरोनाच्या वर्गांपासून हे जास्त वाढलं. त्या जुन्या मशीनमध्ये काय काय भरलेलं आहे हे कुणी बघत नाही. त्याच मशीनवर मग सातबारा काढणं, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि बँक, सगळं चालतं.

माझी भाची कुर्ला पूर्वेला राहते, बारावीला आहे. तिच्यासाठी दाजींनी जुना डेस्कटॉप घेतला. एका रात्री तिचा फोन आला, “मामा, कॉम्प्युटर बोंबलतोय. दर दोन मिनिटाला व्हायरस व्हायरस येतंय आणि पप्पा एटीएम कार्ड काढून बसलेत.” मी बातम्या पाठवायला कॉम्प्युटर वापरतो म्हणून घरच्यांच्या मते मी त्यातला डॉक्टर. तिला म्हटलं, आधी पप्पांना कार्ड खिशात ठेवायला सांग, मग वायफायचं बटण बंद कर. नेट बंद केल्यावर नव्या सूचना यायच्या थांबल्या. म्हणजे त्या बाहेरून येत होत्या. फुकट सिनेमा बघायच्या एका साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ म्हटलं होतं आणि हिने दाबलं होतं. ती परवानगी काढली, विषय संपला.

हा धंदा नवा नाही

वीस वर्षांपूर्वीपासून हे चालू आहे. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांचे प्रोग्रॅम एक टोळी विकत होती. कंपनीचं नाव इनोव्हेटिव्ह मार्केटिंग, तिचं मोठं ऑफिस युक्रेनमध्ये कीव्हला. हे लोक चांगल्या चांगल्या साइटवर जाहिरात द्यायचे. जाहिरात उघडली की ‘तुमचा कॉम्प्युटर तपासत आहोत’ असं चित्र हलायचं आणि दर वेळी काहीतरी भयंकर सापडायचंच. साफ करायचं तर ४० डॉलर किंवा जास्त भरा. डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात जाऊन हे बंद पाडलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले होते. २०१० मध्ये शिकागोत तिघांवर गुन्हेगारी खटला दाखल झाला, त्यात साठहून जास्त देशांतले गिऱ्हाईक आणि दहा कोटी डॉलरचा आकडा होता. २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलर भरायचा हुकूम दिला.

चोरच असं करतात असंही नाही. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी. दुकानात ‘फुकट तपासणी’ करून, व्हायरस नसतानाही असल्याचं दाखवून ती दुरुस्तीचे पैसे घेत होती, असा आरोप झाला. २०१९ मध्ये ती कंपनी आणि तिला सॉफ्टवेअर देणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. बैलाच्या दातात दोष सांगून भाव पाडणारा दलाल आपण बाजारात बघतोच, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे याचं दुसरं टोक आहे. ‘मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय’ म्हणून परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर फसवणारी कॉल सेंटर भारतात सापडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातल्या दोन गुन्ह्यांत तक्रारदार अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट होते.

ओळखायचं कसं

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क तपासता येत नाही. ब्राउजर तिला आत जाऊच देत नाही. त्यामुळे साइटवर जे ‘स्कॅनिंग’ चाललेलं दिसतं ते निव्वळ चित्र. दहा सेकंदात सगळा कॉम्प्युटर तपासून होतो हेही खोटं, खऱ्या पूर्ण तपासणीला तास-दोन तास सहज जातात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजायचं, काम खोटं आहे. ‘पाच मिनिटं उरली’ असं उलटं घड्याळ दिसलं तरी तेच.

इंग्रजीतल्या चुका बघा म्हणजे कळेल, असं बरेच जण सांगतात. आपल्याला त्या कुठनं सापडणार? आणि हल्ली इंग्रजी बिनचूक असतं, मॅकॅफी, नॉर्टनचं चिन्हही हुबेहूब असतं. तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

नुसतं पान नसून प्रोग्रॅमच आत बसला असेल तर खुणा वेगळ्या. तुम्ही कधी न टाकलेला अँटिव्हायरस खाली घड्याळाजवळ दिसतो. तपासणी फुकट, पण ‘साफ करा’ दाबलं की पैसे. काहीही उघडायला गेलं की ‘ही फाइल व्हायरसची आहे’ म्हणून अडवतो. टास्क मॅनेजर उघडू देत नाही, विंडोजची स्वतःची सुरक्षा बंद करून ठेवतो.

पैसे मागणारा प्रत्येक अँटिव्हायरस खोटा असंही नाही हं. क्विक हीलचंच घ्या. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचे कैलास काटकर, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि नव्वदच्या दशकात त्यातून ही कंपनी उभी राहिली. आपल्या मातीतला माणूस आहे. फरक एवढाच की खरा अँटिव्हायरस आपण दुकानात किंवा कंपनीच्या साइटवर जाऊन घेतो. तो भोंगा वाजवत आपल्याकडे येत नाही.

काढायचं कसं

लाल पान आलं तर त्यावर कुठेच दाबू नका. त्यातली फुलीसुद्धा बऱ्याचदा चित्रच असते, तिच्यावर दाबलं की दुसरं काहीतरी उघडतं. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, स्क्रीन लहान होते. मग ऑल्ट आणि एफ-४ एकत्र. तरीही हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तिन्ही एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम निवडून ‘एंड टास्क’. ब्राउजर परत उघडल्यावर ‘जुनी पानं रिस्टोअर करू का’ विचारेल, नाही म्हणा. नुसतं पान असेल तर काम इथंच झालं.

कोपऱ्यात सारखे डबे उगवत असतील तर भाचीसारखं प्रकरण. क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर जा, ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’. कुठल्या साइटला परवानगी दिली त्याची यादी दिसेल. ओळखीच्या सोडून बाकी सगळ्या काढा. मग ‘एक्स्टेन्शन्स’ उघडून तिथलीही अनोळखी नावं काढा. माझ्या बघण्यात आलेल्या दहा तक्रारींपैकी सात-आठ इथंच मिटतात.

प्रोग्रॅम बसला असेल तर आधी नेट बंद करा. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अॅप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय आलं ते वर दिसेल. त्यावर ‘अनइन्स्टॉल’. काढताना तो ‘खरंच असुरक्षित राहायचं का?’ असले डबे दाखवून घोळात घेतो, बटण नीट वाचून दाबा.

निघतच नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ करा. निळी स्क्रीन येईल, त्यात ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रिस्टार्ट’ आणि मग ४ आकडा. या अवस्थेत विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं, सोबतचे बहुतेक बाहेरचे प्रोग्रॅम उठत नाहीत. मग त्याला काढणं सोपं जातं.

नंतर खरी तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो, फुकट. नेट चालू करून तो आधी अपडेट करा. ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी करतो. साधारण पंधरा मिनिटं जातात. मग एकदा ‘फुल स्कॅन’ लावा आणि गाई-म्हशींचं आवरून या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे, त्यांच्या साइटवरही साफसफाईची साधनं फुकट मिळतात.

जुना लॅपटॉप घेतलेल्यांना वेगळं सांगतो. दुकानदाराने चोरीचं विंडोज टाकून दिलं असेल, तर ते चालावं म्हणून डिफेंडर बंद केलेला असू शकतो. घेताना समोर उघडून दाखवायला सांगा. विंडोज १० चा मोफत पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हा ११ चालेल असंच मशीन बघा. दोन-तीन हजार जास्त गेले तरी माझ्या मते ते परवडतं.

मोबाईलवर

इथंही तोच खेळ. ‘फोनमध्ये ४ व्हायरस, बॅटरी २८ टक्के खराब’ म्हणून अॅप टाकायला लावतात. २०१४ मध्ये गुगलच्या प्ले स्टोअरवर व्हायरस शील्ड नावाचं अॅप चार डॉलरला विकलं जात होतं, दहा हजारांवर लोकांनी घेतलं. ते करायचं काय? दाबलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवायचं. बास. ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस अॅप तपासली, त्यातली फक्त ८० कसोटीला उतरली.

फोनवरही क्रोमच्या सेटिंग्जमधून नोटिफिकेशनच्या परवानग्या काढा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे का बघा. आणि व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाने किंवा कुठलीही एपीके फाइल आली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. त्याचाच फोन आधी गेलेला असतो.

पैसे गेले असतील तर

फोनवरच्या माणसाने एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावलं असेल, तर तो तुमची स्क्रीन बघत होता. नेट तोडा, ते अॅप काढा आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदललेत तर नवा पासवर्डही त्याला मिळायचा.

मग लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. सकाळी बघू म्हणायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार आपणच ओटीपी किंवा कार्डाची माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. व्यवहाराचा मेसेज, ज्या नंबरवर बोललात तो नंबर, स्क्रीनचा फोटो, काही पुसू नका. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवर होते. कुर्ल्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांची तक्रार गावाकडच्या पोराने घरी बसून भरून दिली तरी चालते, खात्याचा तपशील आणि व्यवहार क्रमांक तेवढा हाताशी असू द्या.