इंदूरला पहिल्यांदा जाताय?
हॉटेलांची यादी घरीच ठेवा. इंदूर हातगाड्यांवर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर खातं. सकाळी पोहे-जलेबी. पोहे वाफेवर गरम ठेवलेले, वर भरपूर शेव आणि चिमूटभर जिरावन मसाला. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना नको. रात्री थेट सराफा बाजार गाठा. सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारात कढया चढतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत. जोशींचा दहीवडा, किसलेल्या मक्याचा भुट्टे का कीस, थंडीत गेलात तर गराडू हा तळलेला कंद. तळहाताहून मोठा जलेबा मात्र दोघांत एकच घ्या. धक्काबुक्की सोसत नसेल तर दिवसा छप्पन दुकान ही खाऊगल्ली बरी. सराफ्यात सामिष शोधू नका, मिळणार नाही.