चुंबक तेलाला धरत नाही, कणांना धरतो

काळ्या द्रवाजवळ चुंबक नेला की त्यातून काटेच काटे उभे राहतात, असा व्हिडिओ अनेकांनी पाहिलेला असतो. चुंबकामुळे द्रव घट्ट होतो, हा समज बहुधा तिथूनच पसरतो. पण त्या व्हिडिओतला द्रव घट्ट झालेलाच नसतो. काट्याला बोट लावलं तर बोट काळं, ओलं होईल. हा फेरोफ्लुइड. नासातल्या स्टीव्ह पॅपेल यांनी तो 1963 मध्ये तयार केला, तो रॉकेटचं इंधन भारविरहित अवस्थेत चुंबकाने ओढता यावं म्हणून. त्यातले मॅग्नेटाइटचे कण जेमतेम 10 नॅनोमीटरचे असतात. एवढ्या बारीक कणांना द्रवाच्या रेणूंचे धक्केच स्थिर राहू देत नाहीत. चुंबक त्यांना ओढतो, त्यांच्यासोबत सगळा द्रवही ओढला जातो, पण कण एकमेकांना घट्ट धरू शकत नाहीत. दाटपणा थोडा वाढतो, वाहणं थांबत नाही.

खरोखर अडून बसणारा द्रव वेगळा आहे, आणि तो फेरोफ्लुइडच्या आधीचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनो यांनी 1948 च्या सुमारास तेलात लोखंडाची बारीक भुकटी मिसळून क्लच बनवला. याला आज मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल किंवा एमआर द्रव म्हणतात. यातले कण काही मायक्रॉनचे, म्हणजे फेरोफ्लुइडच्या कणांपेक्षा शेकडो पट मोठे. चुंबकीय क्षेत्र येताच प्रत्येक कण स्वतःच छोटा चुंबक होतो आणि शेजारच्याला चिकटतो. बघता बघता क्षेत्राच्या दिशेने साखळ्या तयार होतात.

हे घरी दिसू शकतं. काचेच्या वाटीत लोहकीस आणि थोडं खाद्यतेल कालवा, चमच्याने ढवळून बघा, मग वाटीखाली जोरदार चुंबक धरा. चमचा अडतो. वाटी कलती केली तरी गोळा जागचा हलत नाही. चुंबक काढला की मिश्रण पुन्हा ओघळू लागतं.

मात्र याला ‘गोठणं’ म्हणू नये. तेल होतं तसंच तेल राहतं, फक्त साखळ्या वाट अडवतात. जोर ठरावीक मर्यादेच्या खाली असेपर्यंत द्रव ढिम्म हलत नाही. मर्यादा ओलांडली की साखळ्या तुटतात, पुन्हा जुळतात आणि द्रव वाहतो. टूथपेस्टही अशीच वागते, पण तिची मर्यादा ठरलेली असते. इथे ती विद्युतचुंबकातल्या प्रवाहाने कमी-जास्त करता येते, ही या द्रवाची खरी किमया. चांगल्या एमआर द्रवाची मर्यादा 50 किलोपास्कलपर्यंत सहज जाते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो वजनाएवढा जोर.

मग चुंबक जेवढा मोठा, तेवढा द्रव कडक? तेही नाही. लोखंड एका मर्यादेपर्यंतच चुंबकित होतं. पुढे क्षेत्र कितीही वाढवा, फारसा फरक पडत नाही. दिशाही महत्त्वाची. साखळ्या प्रवाहाला आडव्या असतील तरच त्या नीट अडवतात. म्हणून गाडीच्या एमआर शॉक ॲब्सॉर्बरमध्ये पिस्टनमधली कॉइल अशी बसवतात, की क्षेत्र तेलाच्या अरुंद फटीला आडवं छेदून जाईल. 2002 च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे तंत्र आलं. त्यात उघडझाप करणारा व्हॉल्व्ह लागत नाही; काही मिलिसेकंदांत तेलच व्हॉल्व्हचं काम करतं. एक अडचण मात्र चिवट: लोखंड तेलाच्या आठ-नऊ पट जड असल्याने कण तळाशी बसतात, म्हणून त्यात ते तरंगते ठेवणारी द्रव्यं घालावी लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज रक्ताबद्दलचा आहे. ‘रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकाचं कडं घातलं की रक्ताभिसरण सुधारतं’ असं सांगून कडी विकली जातात. रक्तातलं लोह म्हणजे लोखंडाची भुकटी नव्हे. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चारच अणू, तेही एकमेकांपासून दूर बांधलेले असतात. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्येच दाखवलं, की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर सरतं. एमआरआय यंत्रात 1.5 किंवा 3 टेस्लाचं क्षेत्र असतं, मनगटावरच्या कड्यापेक्षा कितीतरी पट जोरदार. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाच्या रक्तातही साखळ्या तयार होत नाहीत.