चाकांवरच्या घराला वीज जोडताना

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास शहादा तालुक्यात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तापीकाठी घोड्यांचा बाजार बसतो आणि दुकानांना, पाळण्यांना तात्पुरती वीज जोडावी लागते. परदेशात मोटारघर घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबापुढे रोज मुक्कामाला हाच प्रश्न असतो. मुलाबाळांकडे गेलेली आपली मंडळीही असा प्रवास हौसेने करतात. तेव्हा ही जोडणी समजून घेतलेली बरी.

युरोपात मुक्कामाच्या तळावर कमरेएवढा विजेचा खांब असतो. त्यावर बहुधा निळे, झाकणाचे, तीन पिनांचे सॉकेट असते. दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. पण वीज मिळते किती? कुठे ६, कुठे १०, तर कुठे १६ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट निघतात. म्हणजे ६ अँपिअरवर फक्त १३८० वॅट. तिथे २००० वॅटची किटली लावली की खटका पडायचाच! अमेरिकेत दाब १२० व्होल्ट. आपली किटली तिथे जेमतेम चौथाई ताकदीने तापते.

आता जिवावरची गोष्ट. मोटारघर रबरी चाकांवर उभे असते, म्हणून त्याचा जमिनीशी विजेचा संबंध नसतो. आत एखादी तार सोलून पत्र्याला टेकली आणि आर्थिंग तुटलेले असले, तर सगळी गाडीच जिवंत होते. आत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही. पण ओल्या गवतावर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून आर्थिंगची तार अखंड हवी, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा खटका गाडीत हवाच. त्यावरचे चाचणीचे बटण मधूनमधून दाबून पाहावे.

फ्रान्समध्ये काही जुन्या तळांवर दोन पिनांची सॉकेटे आढळतात. तिथे फेज आणि न्यूट्रल उलट येऊ शकतात. मग बटण बंद केले तरी उपकरणाच्या आत वीज खेळतच राहते. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे समजू नये. दुरुस्तीआधी खांबावरचीच जोडणी काढावी.

क्रमही ध्यानात ठेवा, बरं का. केबल आधी गाडीला, मग खांबाला. काढताना आधी खांबाची, मग गाडीची. म्हणजे जिवंत टोक हातात राहत नाही. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवू नये. जास्त भार पडला की ती तापते, वेढ्यांतली उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळते आणि आग लागते. लांबी जास्त झाली तर ती गाडीखाली सैल पसरावी.

हे सारे करायला पाच मिनिटे पुरतात. चहाचे आधण त्यानंतर ठेवावे.